उंबरठ्याबाहेरचा मुकादम

आमच्या घरात दोन गोष्टींना आत यायला बंदी होती: चिखलाचे बूट आणि कुत्रा. बूट अधूनमधून यायचे, कारण ते आमच्या ह्यांच्याच पायात असायचे आणि नियम करणाऱ्याला कोण अडवणार? कुत्रा मात्र कधीच आला नाही.

ह्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेशी काडीचा संबंध नाही. बचाव पथकात कुत्रे शिकवायचे म्हणून मास्तर. इमारत पडली, दरड कोसळली की ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस कुठे अडकलाय ते वासावरून हुडकायचं आणि भुंकून सांगायचं, हे त्या कुत्र्यांचं काम. मेलेल्या माणसासाठी ते भुंकत नाहीत, त्यांना तसं शिकवलेलंच नसतं. "मेलेल्यांना कसली घाई?" मास्तर म्हणायचे.

त्यांनी शिकवलेला शेवटचा कुत्रा म्हणजे मुकादम. पथकाच्या कागदांवर त्याचं नाव वेगळं होतं, मुकादम हे मी ठेवलेलं. मागच्या अंगणात भिंतीला लागून त्याचं लाकडी खोपटं होतं. त्याच्या दारात पुढच्या पायांवर हनुवटी टेकवून तो दिवसभर माझ्या स्वयंपाकघरावर देखरेख करायचा. मागचं दार उघडंच असायचं. मी ओटा नीट पुसते की नाही, दूध उतू घालवते का, सगळं बघायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. त्या बाबतीत तो मास्तरांपेक्षा बरा.

लग्न झाल्यापासून मी एकच धोशा लावला होता, कुत्र्याला आत झोपू द्या. मुकादमाच्या आधीच्यांसाठीही मी भांडले होते. मास्तरांची उत्तरं ठरलेली. घरात ठेवलेल्या कुत्र्याचं नाक कांदा परतण्यात जातं. शेगडीच्या उबेला अंगावरची आतली मऊ लव झडते, मग भर थंडीत ढिगाऱ्यावर उभा केला की लटपटतो. मी म्हणायचे, गोधडी घालीन मी त्याला. ते म्हणायचे, घाल, आणि ढिगाऱ्यावर पण तूच जा.

खरं कारण एकदा बूट काढता काढता बोलून गेले.

"हे बघ, दिवसभर माणसांत लोळणाऱ्या कुत्र्याला माणूस सापडला काय नि न सापडला काय, सारखंच. जो एकटा असतो ना, त्यालाच माणसाची किंमत. कामाचा कुत्रा थोडा एकटा ठेवावाच लागतो."

"आणि मला एकटी ठेवता ती कोणाला हुडकायला?" मी विचारलं.

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मग म्हणाले, "चहा टाक."

तर असा संसार. ते आठवडाआठवडा कुठल्या कुठे ढिगाऱ्यांवर, मुलगी मोठी होऊन दूरच्या शहरात, आणि घरात मी. मला पथकाच्या कामातही कधी घेतलं नाही. सरावासाठी कोणीतरी लपून बसावं लागतं, म्हणून पथकातल्या यच्चयावत माणसांच्या बायकापोरांना मास्तरांनी पिंपात, पाइपात, फळ्यांखाली कोंबलं होतं. मी मागे लागले तेव्हा म्हणाले, "घरचं माणूस शोधलं तर त्याला काम म्हणत नाहीत. ते लाड."

एकदाच माझा उपयोग केला त्यांनी. मुकादम पिल्लू होता, त्याला उंबरठा शिकवायचा होता. मास्तर हातात खडे भरलेला पत्र्याचा डबा घेऊन दाराआड उभे राहायचे. मी आत स्टुलावर बसून, मटणाचा तुकडा पुढे धरून लाडीगोडीने हाक मारायची, "ये रे बाळा, ये." पिल्लू बिचारं सगळं अंग हलवत यायचं आणि उंबरठ्यावर पाय टाकला रे टाकला की डबा त्याच्या नाकापुढे फरशीवर धाडकन. पिल्लू उलट्या पावली खोपट्यात. मग परत मी, परत बाळा, परत डबा. शेवटी शेवटी माझी हाक जितकी गोड, तितका तो मागे सरकायला लागला.

"झालं पक्कं," मास्तर खूश होऊन म्हणाले. "आता कोणी सोन्याचं ताट मांडलं तरी आत यायचा नाही."

"अहो, माझ्या आवाजाचाच बागुलबुवा केलात की तुम्ही."

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तू सोडून दुसरी कोण त्याला आत बोलावणार आहे?"

ते अगदी खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

पुढे मुकादमाचं वय झालं, पथकाने त्याला कामावरून काढून मास्तरांकडेच ठेवलं. मास्तरही निवृत्त झाले. आता तरी घरात माणसाचा वावर होईल असं वाटलं, तर उन्हाळ्याच्या शेवटी मास्तरांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स फाटकाशी आली. ते स्वतःच्या पायांनी चालत गेले, जाता जाता मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या फाटकातून परत आले नाहीत. मला हॉस्पिटलात कळलं. मुकादमाला कोणी सांगायचं?

तेव्हापासून त्याची देखरेख दोन ठिकाणी विभागली. एक डोळा माझ्या ओट्यावर, एक फाटकावर.

थंडीची चाहूल लागली तसा तो मागच्या पायांनी लंगडायला लागला. सकाळी खोपट्यातून उठताना आधी पुढचं अंग उठायचं, मग मागचं, मध्ये बराच वेळ जायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. "कमरेचे सांधे गेलेत. बाहेर सिमेंटवर हा हिवाळा निघायचा नाही. आत घ्या, उबेला झोपवा," म्हणाल्या. जसं काही मीच त्याला बाहेर ठेवलं होतं.

त्यांच्यापाठोपाठ पठ्ठ्या आला. पठ्ठ्या म्हणजे मास्तरांचा चेला, आता पथकाचा प्रमुख. टक्कल पडलं, पोट सुटलं, पोरं कॉलेजात गेली, तरी मास्तरांनी ठेवलेलं पठ्ठ्या हे नाव काही सुटलं नाही. तो मला वहिनी म्हणतो, मी त्याला तोंडावर भावजी म्हणते.

"वहिनी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," तो उंबरठ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला. "हा आत येत असेल तर तुमचाच आहे, कोणी नेत नाही. पण येत नसेल तर इथे थंडीत मरू देणार नाही मी त्याला. पथकाच्या कुत्र्यांना राहायला नवीन केनेल बांधलंय, खाली गरम फरशी आहे, दिवसभर माणसं असतात. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

"आणि मी?"

"तुम्ही काय?"

"मला पण गरम फरशीवर नेता का, असं विचारतेय."

तो कसनुसं हसला. मी हसले नाही. तो मला सांगून गेला होता की रविवारपर्यंत कुत्रा उंबरठा ओलांडेल, नाहीतर या घरात श्वास घेणारी मी एकटीच उरेन. वाईट म्हणजे त्याचं चुकतही नव्हतं.

मग मी कंबर कसली. मटण आणलं, शिजवून ताटली उंबरठ्याच्या आत ठेवली. मुकादमाने मान वळवली. ताटली उंबरठ्यावर ठेवली, तर खोपट्यात जाऊन बसला. गळ्यात पट्टा अडकवून ओढला, दारापर्यंत शहाण्यासारखा आला आणि तिथे जो आडवा पडला तो पोत्यासारखा. त्याला उचलायला गेले तर माझीच कंबर धरली. आणि हाक मारायची तर सोयच नव्हती. "ये रे," म्हटलं की त्याचे कान मागे जायचे, डोळे दाराआड वळायचे, डबा कुठून पडतोय ते बघायला. दाराआड आता कोणी नव्हतं. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. मास्तर गेले, त्यांचा नियम तसाच उंबरठ्यावर पहारा देत बसलेला.

फोनवर मुलगी म्हणाली, "आई, जाऊ दे ना त्याला. तू एखादं छोटं, घरात राहणारं कुत्रं आण."

"छोटा नवरा पण बघ एखादा, घरात राहणारा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. पण फिरून फोन केला नाही.

शुक्रवारी दुपारी मी सगळ्याच गोष्टींवर चिडले होते. चिडले की मी आवराआवर करते. मास्तरांचे कपडे तसेच खुंटीवर होते ते घेतले आणि मागच्या अडगळीच्या खोलीत ट्रंकेत भरायला गेले. कामावरचं जाडं जॅकेट घडीत बसेना. खिशात काहीतरी टोचत होतं, काढलं तर मुकादमाची दोरी. जाड सुती दोरीचा गाठ मारलेला तुकडा, चावून चावून टोकं पिंजलेली. कुत्र्याने माणूस शोधला की मास्तर त्याला ती खेळायला द्यायचे, हे त्याचं बक्षीस. घरात त्या दोरीला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. मी जॅकेट मांडीवर घेऊन खाली बसले. खोलीचं दार वाऱ्याने लोटलं गेलं, ते उघडायलाही उठावंसं वाटेना. रडले असं नाही. नुसती बसून राहिले, ट्रंक आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत, ओट्यावर दूध काढून ठेवलं होतं ते विसरून.

किती वेळ गेला कोण जाणे. फरशीवर नखं वाजली.

आधी स्वयंपाकघरात, मग पुढच्या खोलीत, मग बोळात. मधेमधे थांबत, परत वाजत. लोटलेल्या दाराच्या फटीतून जोरजोरात हुंगल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ भुंकणं सुरू झालं. रोजचं, वाटसरूंवरचं भुंकणं नव्हे. एका लयीतलं, न थांबणारं, खणखणीत. घरात पाऊल न टाकणारा मुकादम माझ्या घराच्या पोटात उभा राहून बोंबलत होता की इथे आहे, इथे जिवंत माणूस आहे.

आता मी रडले. इतक्या दिवसांत मी जिवंत आहे असं कोणी मला सांगितलं नव्हतं.

दार उघडलं तर समोर तो. लंगडा पाय उचललेला, शेपूट ताठ. माझ्या हातात दोरी होतीच. मी आनंदाच्या भरात ती त्याला देऊन टाकली. त्याने ती तोंडात धरली, मोठ्या रुबाबात एकदा झटकली, वळला, आणि आला तसा चालत उंबरठा ओलांडून खोपट्यात जाऊन बसला. मी मागे धावले, "अरे ये ना," म्हटलं. कान मागे गेले.

पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. तो बोलावलेला येत नाही, कामाला येतो. शोधायचं असेल तर तो आगीतसुद्धा शिरेल, माझ्या स्वयंपाकघराची काय कथा! मुकादमाने ओट्याशी कामकरीण दिसेना म्हणून हजेरी घेतली होती.

मग शुक्रवार संध्याकाळ आणि अख्खा शनिवार मी हेच केलं. तो पेंगला की दोरी हळूच काढून घ्यायची आणि लपायचं. पलंगाखाली, पडद्याआड, धुण्याच्या टोपलीमागे. या वयाची बाई स्वतःच्याच घरात टोपलीमागे उकिडवी बसली आहे, हे कोणी बघितलं असतं तर पथकाची गाडी कुत्र्याऐवजी मला न्यायला आली असती. पण दर वेळी तो यायचा. दर वेळी नखं, हुंगणं, भुंकणं. दर वेळी मी दोरी द्यायची आणि तो ती घेऊन बाहेर. गप्पा मारून पाहिल्या, अंग चोळून दिलं, चादर अंथरली. दोरी मिळाली की त्याचं इथलं काम संपायचं. रात्री तो बाहेर सिमेंटवर आणि मी आत.

रविवारी सकाळी पठ्ठ्या आला. गाडीत पिंजरा, पिंजऱ्यात नवी कोरी घोंगडी. मी चहाही विचारला नाही.

"भावजी, जरा अंगणात थांबा. गंमत दाखवते."

मी आत जाऊन मास्तरांच्या कपाटामागे उभी राहिले. थोड्याच वेळात नखं वाजली. मुकादमाने मला हुडकलं आणि घर दणाणून सोडलं. पठ्ठ्या धावत आत आला तो थेट बोळात. तोंडावर हात, डोळे विस्फारलेले.

"मास्तरांनी बघितलं असतं तर," तो पुटपुटला.

मी दोरी दिली. मुकादम बाहेर गेला.

"बघितलंत? येतो, पण राहत नाही. भावजी, आणखी थोडे दिवस द्या मला. मी काहीतरी..."

"वहिनी, दोरी कशाला दिलीत?"

"म्हणजे? बक्षीस नको त्याला?"

"अहो, दोरी म्हणजे काम संपलं. इथून जा, मोकळा झालास, असं तुम्हीच त्याला सांगताय." मग तो एकदम उत्साहाने समजावायला लागला, शिकवायची सवय. "आमच्या कामात माणूस सापडला म्हणून संपत नाही ना. ढिगारा उपसायला वेळ लागतो. तोवर कुत्र्याने जागा सोडायची नाही. आधी भुंकायचं, मग माणसाला चिकटून पडून राहायचं, त्याला ऊब द्यायची, धीर द्यायचा. दोरी मिळाली नाही तर हा हलणारच नाही. जरा इकडेतिकडे जाऊन आला तरी परत सापडलेल्या माणसापाशीच. मास्तर येऊन स्वतःच्या हाताने दोरी देईपर्यंत..."

तो थांबला. खाली बघायला लागला. त्याच्या पायात चिखलाचे बूट होते, बोळभर ठसे उमटले होते. दोघांनाही इतका वेळ ते दिसले नव्हते.

"मास्तर येईपर्यंत," मी म्हणाले.

"हो."

मी अंगणात गेले. मुकादमाच्या तोंडातून दोरी सोडवून घेतली, त्याने नेहमीसारखी सोडली. ती पठ्ठ्याच्या हातात दिली.

"ही घेऊन जा. कुत्रा राहू दे."

"वहिनी, विचार करा. तो वाट बघत बसेल."

"बसू दे. मी काय वेगळं करतेय?"

त्याने दोरी खिशात घातली आणि रिकामा पिंजरा घेऊन गेला. फाटक लागल्याचा आवाज ऐकून मी आत वळले, पलंग आणि भिंत यांच्या मध्ये जाऊन बसले आणि गप्प राहिले.

तो आला. भुंकला. माझ्या हातांकडे बघितलं, हात रिकामे. परत भुंकला, दाराकडे बघितलं. थांबून थांबून बराच वेळ भुंकत राहिला, मग आवाज बसला. मग पुढचं अंग खाली घेतलं, जरा वेळाने मागचं, आणि पाठ माझ्या पोटरीला टेकवून पडला. त्याची पाठ इतकी गरम असेल असं मला वाटलं नव्हतं. एवढी वर्षं आमच्यामध्ये फक्त एक उंबरठा होता.

तेव्हापासून तो आत आहे. अंगणात जाऊन येतो आणि मी जिथे असेन तिथे येऊन पडतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमर सुधारली. मुलगी म्हणाली, बघ, झालं ना मनासारखं? झालं. लहानपणी त्याला ये म्हणून फसवलं, म्हातारपणी थांब म्हणून फसवतेय. पहिल्या वेळी नाइलाज होता. या वेळी मी जाणूनबुजून करतेय आणि सोडणार नाही.

फक्त फाटक वाजलं की त्रास होतो. दूधवाला असतो, मीटर बघणारा असतो, कोणीतरी पत्ता चुकलेला असतो. मुकादम मान वर करतो, कान उभे, शेपटीचं टोक फरशीवर हलत असतं. मग माझ्याकडे बघतो.

"येतील हं," मी त्याला म्हणते. आणि त्याचे कान खाली येईपर्यंत मलाही ते खरं वाटतं.